तहकूब ग्रामसभेआधी दफ्तर पाहा

मा. संपादक,
स. न.

ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही की ती तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातले जे कमी, तेवढीही माणसे जमत नाहीत. मग पुढच्या सभेत पाचपंचवीस जण वर्षभराच्या खर्चाला मंजुरी देऊन मोकळे होतात. हे सगळे नियमाला धरून होते, म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते.

लोक आळशी आहेत, हे मला पटत नाही. हातात कागद नसताना सभेत बोलायचे काय? ग्रामसेवक जमाखर्च भराभर वाचतात, आकडे कानावरून जातात. तेच गटाराच्या कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे किती काम झाले याची नोंदवही, आधी पाहिलेली असली, तर साधा शेतकरीही उठून विचारतो, "लांबी एवढी लिहिलीय, मग गटार देवळापाशीच का संपलं?"

ती पुस्तिका पाहणे अवघड नाही. माहिती अधिकार कायदा 2005 नुसार नकला घेता येतात, तसे मूळ दफ्तरही तपासता येते. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तराची मुदत तीस दिवसांची, म्हणून 15 ऑगस्टच्या सभेसाठी जूनअखेरीसच अर्ज द्यावा. "सर्व माहिती मिळावी" असे मोघम लिहू नये. एकच काम धरावे आणि त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयके मागावीत. मागच्या सभेचे इतिवृत्त हजेरीच्या सह्यांसकट मागायला वेगळा अर्ज करावा, कारण आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय चालतो. सह्यांचे पान जरूर पाहा. कोणाच्या हजेरीत ठराव झाला, ते तिथेच कळते. वित्त आयोगाच्या निधीचा खर्च तर ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरूनही दिसतो.

मुळात नागरिकाला अर्ज करावा लागणे हेच चुकीचे आहे. याच कायद्याचे कलम 4 अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करावी असे सांगते. तेव्हा जिल्हा परिषदेने एवढा आदेश काढावा: ग्रामसभेच्या नोटिशीसोबतच त्या वर्षीच्या कामांची यादी, खर्च आणि ठेकेदाराचे नाव पंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. आपल्या दैनिकानेही ग्रामसभांच्या तारखा आधी छापल्या, तर गावोगावचे वाचक वेळेत अर्ज करू शकतील.

– एक ग्रामस्थ, जि. सातारा