क्षितिजरेषा कुठे आणि कोळीण कुठे?

माननीय संपादक,

वाशीच्या खाडीपुलाजवळ मुले निसर्गचित्रे काढायला बसतात. पाणी, झाडे, आकाश छान उतरते. ओहोटीला चिखलात कालवे वेचणाऱ्या कोळणी मात्र गाळल्या तरी जातात, नाहीतर दोन ठिपक्यांवर त्यांची बोळवण होते. यात मुलांच्या हाताचा दोष नाही. चुकते ती बसायची जागा.

जर्मन निसर्गचित्रे यासाठी मुद्दाम दाखवावीत. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या १८१८च्या सुमाराच्या गाजलेल्या चित्रात धुक्यासमोर खडकावर पाठमोरा उभा आहे तो कोट घातलेला शहरी गृहस्थ. राबणारे कोणीच नाही. पुढे १८८९मध्ये फ्रिट्झ माकेनझेन, ओटो मोडरझोन आणि हान्स आम एंडे या चित्रकारांनी ब्रेमेनजवळच्या वोर्प्सवेडे या खेड्यात मुक्काम टाकला. सपाट दलदल, आणि तिथली माती कापून, वाळवून, जळण म्हणून विकणारे गरीब शेतकरी. माकेनझेनच्या १८९२च्या चित्रात एक बाई त्याच मातीच्या हातगाडीवर बसून बाळाला पाजते आहे. चित्रकाराची नजर इतकी खाली आहे, की बसलेली असूनही तिचे डोके क्षितिजाच्या वर, आकाशात जाते. चर्चमधल्या मेरीचा मान तिला मिळाला तो या एका निर्णयामुळे. पाऊला मोडरझोन-बेकर या चित्रकर्तीने त्याच गावच्या गरीबखान्यातल्या म्हाताऱ्या रंगवल्या, तेव्हा त्यांचे जाडेभरडे हातही गोड केले नाहीत. हेही शिकवायला हवे.

हिशेब सोपा आहे. क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. सपाट चिखलात उभे राहून काढले तर ती उंची सुमारे पाच फूट. तीन फुटांवर वाकलेली कोळीण पूर्णपणे क्षितिजाखाली, चिखलाच्याच रंगात बुडते. पुलावरून तर ती ठिपकाच होणार. काठाला, तिच्याच पातळीवर, मांडी घालून बसले की डोळे अडीच फुटांवर येतात आणि तिची पाठ आकाशावर उमटते. लांबची कोळीण लहान काढावी, पण क्षितिजरेषेने तिलाही त्याच प्रमाणात कापले पाहिजे. मुले सगळ्यांचे पाय एका ओळीत ठेवतात, म्हणून लांबची बाई लहान मुलीसारखी दिसते.

चित्रकलेच्या वर्गांनी एक रविवार ओहोटीची वेळ पाहून ठेवावा. आधी त्या बायकांना विचारावे, आणि मोबाइलमधल्या फोटोवरून चित्र काढू नये.

— चित्रकलेचे काही शिक्षक, ठाणे