आधी तुझे मोजे, मग बाळाचे

प्रिय मनू,

काल तू लोकरीचा फोटो पाठवलास, पिवळे तीन गुंडे, आणि खाली विचारलंस की आई बाळाला पहिलं काय विणू, टोपडं की मोजे. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण आदल्याच दिवशी तू व्हिडीओ कॉलवर पाय कॅमेऱ्यासमोर धरून इलॅस्टिकचे वळ दाखवले होतेस आणि कोटाची बटणं लागत नाहीत म्हणून जावयाचं जॅकेट घालून ऑफिसला जातेस हेही सांगितलं होतंस. ते रात्रभर डोक्यात राहिलं. व्हॉट्सॲपवर एवढं मावणार नाही आणि फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस म्हणून सरळ पत्रच लिहायला बसले.

पिवळी लोकर कपाटात ठेव. आधी स्वतःसाठी विण. एक मोज्यांचा जोड आणि एक कार्डिगन.

तुला माहितीये तू देहरादूनला झालीस, पण तो हिवाळा कसा गेला ते मी कधी नीट सांगितलंच नाही. १९९५ च्या जूनमध्ये बाबांची तिकडे बदली झाली, तेव्हा देहरादून उत्तर प्रदेशातच होतं, उत्तराखंड पुढे २००० ला झालं. मी चिपळूणची, आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे अंगावर एक चादर जास्त घ्यायची. मला क्रोशा येत होता, रुमाल, तोरणं, टीव्हीवरचं कव्हर असलं सगळं, पण सुयांवरचं विणकाम अजिबात नाही, कारण कोकणात स्वेटर घालणार कोण. आणि तिथे दिवाळीच्या आधीपासूनच माझे पाय संध्याकाळी बर्फासारखे व्हायचे, फरशी पण गार, आणि जानेवारीत तर पहाटे पारा तीन-चार अंशांवर यायचा.

शेजारी एक गढवाली आंटी होत्या. माझे पाय बघून एक दिवस म्हणाल्या, ऊन ले आओ, मैं सिखा दूँगी. मी आपली अंगणाकडे हात करून म्हटलं, ऊन तो है ना, आइए बैठते हैं. त्यांना कळेचना मी काय बोलते आणि मला कळेना त्या कुठून ऊन आणायला सांगतायत. मग त्यांनी आतून लोकरीची लडी आणून दाखवली तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द पडला, बाबा ऑफिसला निघताना विचारायचे, आज उन्हात ऊन का?

आता खरं कारण सांगते की मी तुझ्यासाठी काही का विणलं नाही. वाईच्या आजीचं पत्र आलं होतं की बाळ यायच्या आधी घरात बाळाचं काही आणायचं नाही, करायचं नाही, बाळंतविडा चिपळूणहून येईल तो नंतर. सगळ्यांना वाटलं मी ते पाळते. पण मनू, तुझ्या आधी १९९४ मध्ये एकदा दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. त्या वेळी मी क्रोशाने एक टोपडं केलं होतं, अर्धं. ते पुढे कुठे गेलं मला आठवत नाही, कुणीतरी माझ्या नजरेआड केलं असणार. त्यामुळे आजीने सांगितलं नसतं तरी माझे हात बाळाच्या लोकरीला लागलेच नसते. आणि हात तर रिकामे, दिवस मोठा, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलेलं, म्हणजे माहेरी जाणं पण नाही, गाडीने मुंबईपर्यंतच दोन दिवस जायचे. मग मी म्हटलं, पाय तर माझे आहेत ना, ते तर आत्ता इथे आहेत, त्यांच्यासाठी विणू.

पहिला जोड कॅशमिलॉनचा, म्हणजे कृत्रिम लोकरीचा केला, स्वस्त म्हणून. तो फसला. पाय गरम व्हायचे, मग घाम, मग तोच घाम गार. आंटींनी तो बघून बाजूला ठेवला आणि मला घेऊन पलटन बाजारात गेल्या, घंटाघरापासून आत चालत, आणि अस्सल लोकर घ्यायला लावली. खऱ्या लोकरीचं असं आहे की ती स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओल आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून पाय कोरडा राहतो आणि कोरडा राहिला की उबदार राहतो. तुझ्याकडे तर मोज्यांची वेगळी लोकरच मिळते ना, तू एकदा लेबल वाचून दाखवलं होतंस, १०० ग्रॅमचा गुंडा, ४२० मीटर, ७५ टक्के लोकर आणि बाकीचं नायलॉन टाच झिजू नये म्हणून. तीच घे, एका गुंड्यात जोड होतो. मशीनमध्ये ४० अंशांवर धुता येते असं लेबलवर असेल तर फारच छान, पुढे तुला हाताने मोजे धुवायला वेळ मिळणार नाहीये.

आता नीट वाच. अडीच मिलिमीटरच्या सुया, पाच सुयांचा सेट. तुझ्या ३८ नंबरच्या पायाला एरवी ६० टाके पुरतात पण तू ६४ घाल, चार सुयांवर १६-१६. माप सकाळी घ्यायचं नाही, संध्याकाळी घ्यायचं, पाय दिवसभराचे भरून आलेले असतात तेव्हा. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर घाल आणि मग एक सुई ओढून काढ, म्हणजे काठ सैल येतो, सगळा वळ त्या काठानेच उठतो. वरचा भाग दोन सुलट दोन उलट, म्हणजे रिब, चांगला १५ सेंटीमीटर, आणि त्यात इलॅस्टिकचा दोरा कुणी कितीही सांगितलं तरी घालायचा नाही. रिब स्वतःच ताणते आणि स्वतःच परत येते. टाचेला अर्धे टाके घे, ३२, त्याच्या ३२ ओळी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा म्हणजे कडेला साखळी तयार होते आणि नंतर तिथून टाके उचलायला सोपं जातं. मग टाच वळवायची, १०-१२-१० असे भाग पाडून. इथे सगळे अडतात, मी पण अडले होते.

मी तर भलत्याच दिवशी अडले. २४ ऑक्टोबर, दिवाळीच्या अमावास्येचं ग्रहण, ते मोठं खग्रास, आमच्याकडे खंडग्रास दिसणार होतं, आणि माझी टाच अर्धी वळलेली. आंटी सकाळीच आल्या आणि सुया, कात्री, विळी सगळं उचलून ट्रंकेत ठेवलं, म्हणाल्या पेट से हो, सुई को हाथ नहीं लगाना. माझा विश्वास नव्हता गं, आजही नाही, पण त्या बाईने इतक्या काळजीने ते केलं की मी काही बोलले नाही. आम्ही दोघी पडदे लावून टीव्हीवर ग्रहण बघत बसलो, बाहेर रस्त्यावर माणूस नाही, आणि मला सारखं वाटत होतं की मधेच सोडलेले टाके सुईवरून निसटणार. निसटले नाहीत. दुपारी ट्रंक उघडली आणि आंटींनीच पुढे बसून ती टाच वळवून घेतली माझ्याकडून. तुला कुणी असलं काही सांगितलं तर वाद घालत बसू नकोस, पण घाबरू पण नकोस.

घाबरायचं कशाला ते मात्र सांगते. पायाला संध्याकाळी सूज येणं, झोपून उठल्यावर उतरणं, हे बहुतेकींना होतं. पण सूज एकदम वाढली, चेहऱ्यावर हातावर आली, डोकं खूप दुखतंय, डोळ्यापुढे चमकतंय, किंवा एकाच पायाला सूज येऊन तो दुखतोय, यातलं काही झालं तर विणकाम टाकून तुझ्या हेबामेला, म्हणजे तिकडच्या सुईणीला, नाहीतर डॉक्टरला लगेच फोन करायचा, रात्र असली तरी. आणि विणताना बोटांना मुंग्या येतील, अंगात पाणी साठतं ते मनगटातल्या नसेवर दाब देतं म्हणून. अर्ध्या तासाने ठेवून द्यायचं, हात झटकायचे, उठून चालायचं. मी हट्टाने दोन-दोन तास बसायचे आणि मग रात्री मला कप धरवायचा नाही. अजून एक, लोकरीचे मोजे घालून तुमच्या त्या लाकडी जिन्यावरून उतरू नकोस, जाम घसरतात. खाली जाताना चपला.

आता कार्डिगन. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मोजे काय कुणीही शिकवेल.

सगळे म्हणतात दोन साईझ मोठं विण. नाही. तसं केलं तर खांदे उतरतात, बाह्या लोंबतात आणि पोटावर तरीही बसत नाहीच. पाठ तुझ्या नेहमीच्याच मापाची ठेव, पाठ फारशी वाढत नाही, जे वाढतंय ते पुढे. म्हणून पुढचे दोन्ही भाग रुंद करायचे. माझ्या पाठीला जेवढे टाके होते त्याच्या निम्म्यात मी प्रत्येकी १२ वाढवले होते, आणि काखेपर्यंत आल्यावर ते हळूहळू कमी केले, म्हणजे गळा आणि खांदा आपोआप बरोबर बसला. खाली कंबरेला रिब घालू नकोस, रिब पोटाखाली आवळते आणि वर सरकते, दिवसभर खाली ओढत बसावं लागतं. त्याऐवजी साबुदाणा विण घाल, एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत उलटापालट, ती सपाट पडते, काठ गुंडाळत नाही. बटणं फक्त वरची तीन. खाली मोकळं सोड. आणि दोन खिसे हवेतच, मोठे, माझ्या खिशात नेहमी आवळासुपारी आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा असायचा, मळमळलं की वास घ्यायला.

चार मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटीमीटरला २२ टाके येतात का ते आधी छोटा चौकोन विणून बघ, त्याचा कंटाळा करू नकोस. ६०० ग्रॅम लोकर धरून चाल आणि सगळी एकदम घे, एकाच रंगखेपेची, लेबलवरचा नंबर जुळवून. मी ५०० घेतली. पैसे वाचवले आणि दुसरं म्हणजे दुकानदार पण म्हणाला बहनजी बहुत है. जानेवारीत डावी बाही कोपराखाली आली आणि लोकर संपली, परत गेले तर तोच शेवाळी रंग पण एक छटा गडद. तेच घेऊन पुरी केली. अजून उन्हात धरलं की कोपराखाली रेघ दिसते.

ते विणताना अंगणात सगळ्या बायका विचारायच्या, बच्चे का है? पहिल्या वेळी मी हो म्हणून टाकलं. एवढा मोठा पाठीचा भाग सुईवर आणि मी म्हणते बच्चे का. घरी येऊन मला इतकं वाईट वाटलं, की स्वतःला थंडी वाजते म्हणून स्वतःसाठी काही करतेय हे सांगायची मला लाज का वाटावी. लग्नाआधी शिवलं ते भावंडांचं, लग्नानंतर घरातल्यांचं, आणि आता पोटातल्याचं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत विचारलं तेव्हा मी म्हटलं, मेरा है. शांतपणेच म्हटलं. आंटी मटार सोलत होत्या, त्यांनी मान वर न करता म्हटलं, अच्छा है, पहले माँ गरम रहे. त्या दिवसापासून मला त्या बाईबद्दल जे वाटायला लागलं ते आजपर्यंत आहे.

मनू, तुझ्यासाठी टोपडी खूप येतील. वाईहून येतील, जावयाच्या घरून येतील, मी स्वतः चार झबली शिवायला घेतली आहेत, ऑफिसमधल्या मैत्रिणी देतील. तुझ्या मापाचं कुणी काही आणणार नाही. बायका बाळाला बघायला येतात. हे वाईट म्हणून नाही सांगत, तसंच असतं.

नवव्या महिन्यात मला माझे पाय दिसेनासे झाले, हात तर पोचतच नव्हते. मग बाबा रोज ऑफिसातून आले की खाली बसून मला ते मोजे घालायचे. पहिल्या दिवशी टाच पावलावर आणली, मग कळलं त्यांना. काही बोलायचे नाहीत, मोजा चढवायचे आणि पाय थोडा वेळ तसाच हातात धरून बसायचे. १९९४ नंतर आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललोच नव्हतो, पण ते तसे बसले की मला वाटायचं बोलणं झालं. जावयाला पण शिकव, टाच कुठली ते.

तू झालीस फेब्रुवारीत आणि ते कार्डिगन मी पुढे दोन हिवाळे घातलं. पोट गेल्यावर रुंद पुढचे भाग एकावर एक ओढून घ्यायचे आणि तू आत, दूध पाजायला वर काही करावं लागायचं नाही, पाठ उघडी पडायची नाही. रात्री तीनला त्या थंडीत याची किंमत कळते. पाय मात्र माझे वाढले ते वाढलेच, पाच नंबरचे सहा झाले, लग्नातल्या चपला परत कधी आल्या नाहीत. म्हणून तुझे मोजे पण बाळंतपणानंतर सैल होतील असं समजून कुणाला देऊन टाकू नकोस.

कार्डिगन अजून आहे, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत. तू मागशील म्हणून आधीच सांगते, ते मी पाठवणार नाहीये. तुझ्या अंगाला तुझं हवं.

लोकर शनिवारी आणशील ना? रंग तुला आवडेल तो घे, बाळ मुलगा असेल की मुलगी त्याचा इथे काही संबंध नाही. टाचेपाशी आलीस की पुढे रेटू नकोस, थांब आणि कॉल कर, तुमच्याकडे दुपारचे तीन म्हणजे इथे साडेसात, बाबांचं जेवण आठला असतं तोवर मी मोकळीच असते. सुया हातात घेऊनच बसेन, समोरासमोर दोघी वळवू.

तुझी,
आई