गार्सियाची दुसरी गिटार

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय नंदू,

परवा फोन ठेवला आणि तेव्हापासून तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. ‘तीस वर्षं गिटार शिकवतोय, आणि आता पोरांच्या देखत माझाच सा लागत नाही, लाज वाटते रे.’ त्या वेळी मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी मी फोनवर काय ऐकलं ते सांगतो. जुन्या गिटारच्या तारा वर उचलून घेतल्यास, ती मांडीवर आडवी घातलीस आणि बोटांनी तार दाबायच्या ऐवजी, स्टील गिटार वाजवतात तसा, तारांवरून पोलादी रॉड फिरवलास. रॉड सरकताना तार खरखरत होती, मधेच शेजारची तार उगाच बोलत होती. पंचमाच्या किंचित खाली थांबलास, आणि तिथून सावकाश वर चढलास. ते चढणं फार सुंदर होतं नंदू. स्वर शेवटी जागेवर बसला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

होस्टेलमधली ती पिंक फ्लॉइडची कॅसेट आठवते का? ‘ब्रीद’ सुरू व्हायचं आणि मागून काहीतरी लांबलचक, ओघळत यायचं. तू म्हणायचास सारंगी मशीनमधून काढलीय, मी म्हणायचो कीबोर्ड. आपण त्यावरून दोन दिवस अबोला धरला होता. ती निघाली त्यांच्या गिटारवाल्या डेव्हिड गिलमोरची स्टील गिटार. त्याने १९७० मध्ये सिॲटलच्या एका गहाणवटीच्या दुकानातून पेडल स्टील विकत घेतली होती, आणि १९७३ च्या त्या रेकॉर्डमध्ये स्टीलचा आवाज असा मुरला की आपल्यासारख्या दोन पोरांना वाद्यच ओळखता आलं नाही.

पण मला तुला सांगायचंय ते जेरी गार्सियाबद्दल. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा तो दाढीवाला गिटारवाला. १९६९ मध्ये डेडचं सॅन फ्रान्सिस्कोत मोठं नाव झालेलं, त्याच्या गिटारवर लोक जीव टाकत होते. आणि त्या वर्षी या माणसाने पेडल स्टील घेतली आणि अगदी सुरुवातीपासून शिकायला बसला.

पेडल स्टील म्हणजे काय प्रकरण आहे ते तुला कळेल, कारण तू आता त्याच्या धाकट्या भावंडाशी झगडतोयस. एखाद्या अरुंद टेबलासारखी ती चार पायांवर उभी असते. तारा दहा, आणि पुष्कळदा दहा-दहा तारांच्या दोन गिटारी शेजारी शेजारी. डाव्या हातात पोलादी रॉड, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर, आणि गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या वेगळ्याच. गिटारवर असतात तसे फ्रेट, म्हणजे पडदे, नाहीत, नुसत्या आखलेल्या रेघा. रॉड रेघेपासून केसभर हलला की बेसूर. पेडल दाबलं की एखाददुसरी तार ताणली जाऊन चढते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. म्हणजे एका स्वराची मींड चालू असताना शेजारचा स्वर हलत नाही! एका गळ्याला हे कधी जमायचं नाही, दोघं गाणारे लागतील. १९५४ साली अमेरिकेत वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे कंट्री गाणं गाजलं, त्यात बड आयझॅक्सने असं पेडल दाबून स्वर वाकवला, आणि कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलचे सगळे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडलं बसवायच्या मागे लागले.

आता गार्सियाचा उजवा हात बघ. चार वर्षांचा असताना भावाबरोबर लाकडं फोडताना कुऱ्हाड लागली आणि मधल्या बोटाचा दोन-तृतीयांश भाग गेला. पेडल स्टील वाजवायची रीत म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. ज्या बोटावर नखी चढवायची तेच त्याच्याकडे नव्हतं. तरी तो बसला.

आणि कुठे बसला? मेन्लो पार्कमधल्या एका लहानशा ठिकाणी जॉन डॉसन नावाचा मित्र एकटाच गाणी म्हणायचा. गार्सिया तिथे जाऊन त्याच्या मागे स्टील वाजवायला लागला. समोर माणसं खातपीत बसलेली, आणि हा कोपऱ्यात रेघेवर रॉड शोधतोय. मला ही जागा फार आवडते, नंदू. घरात दार लावून हवा तेवढा रियाज करता आला असता त्याला. पण गाणाऱ्या माणसाच्या मागे वाजवल्याशिवाय कुठे थांबायचं ते कळत नाही, हे तू स्वतःच तुझ्या पोरांना सांगतोस की.

त्यातूनच न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज ही मंडळी उभी राहिली. पुढे डेडच्या कार्यक्रमांत आधी न्यू रायडर्स वाजवायचे. गार्सिया त्यात स्टीलवर बसायचा आणि मग उठून गिटार गळ्यात अडकवून रात्रभर डेडबरोबर उभा राहायचा. एकाच रात्री, एकाच रंगमंचावर, आधी शिकाऊ आणि मग उस्ताद.

१९७० मध्ये क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंगच्या ‘टीच युअर चिल्ड्रन’मध्ये जी स्टील ऐकू येते ती त्याचीच. हातात वाद्य घेऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. हे पत्र वाचून झालं की ते गाणं लाव आणि पहिल्या काही सेकंदांतच कान दे. फार सफाई नाहीये त्यात. पण गाण्याला जेवढं हवं तेवढंच वाजवलंय, एक स्वर जास्तीचा नाही. मला तरी त्याच्या गिटारवरच्या कित्येक लांबलचक फेऱ्यांपेक्षा हे छोटं काम जास्त जवळचं वाटतं. १९७१ च्या अखेरीस न्यू रायडर्समधली ती खुर्ची बडी केजकडे गेली. तो मुरलेला स्टीलवाला.

असे आणखीही आहेत. जिमी पेज लेड झेपेलिनच्या पहिल्याच रेकॉर्डवर पेडल स्टील वाजवतो आणि स्वर जरा डळमळतात, तरी त्याने ते तसंच ठेवलं. बीटल्सच्या जॉन लेननने ‘फॉर यू ब्लू’मध्ये स्टील मांडीवर घेतली. ‘येस’ या बँडचा स्टीव्ह हाउ मात्र वेगळा, त्याने ‘अँड यू अँड आय’मध्ये स्टीलवर अख्खं आभाळ उघडून दाखवलंय.

आणि आपल्याकडे तर तुला लांब जायलाच नको. हवाईच्या जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवर पोलाद फिरवलं, ते फिरत फिरत आपल्या देशात आलं, आणि ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग मांडला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डमध्ये शिवकुमारांच्या संतूर आणि हरिजींच्या बासरीशेजारी त्यांची गिटार ऐकताना कुणाला ते वाद्य परकं वाटलंय? लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे हवाईयन गिटारवर सिनेमाच्या धून लागायच्या, तेव्हा तुझी आई हातातलं काम थांबवून ऐकायची. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून पोरं आली की वाद्य पलंगाखाली सरकवतोस ते बंद कर. ती बसलेली असू देत, तू वाजव. त्यातल्या एकाला तंबोऱ्यावर बसव, म्हणजे सा शोधायला आधार होईल. आणि रॉड घट्ट आवळून धरू नकोस, तुझं मनगट ताठ होतंय ते फोनवरसुद्धा ऐकू येत होतं. रॉडच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकव, म्हणजे ती शेजारची तार आपोआप गप्प बसेल.

नाताळच्या सुट्टीत येतोय, दोन रात्री राहीन. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे, घेऊन येतो. तुझ्याकडचा टेप चालतो का ते बघून ठेव. आणि तो पंचम मला समोर बसून ऐकायचाय, खालून चढत येणारा, परवासारखा.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या