भुती, तुझे आभार मानायचे राहिले होते

प्रिय भुती,

तुझा निरोप गेल्या आठवड्यात पोचला. तुझं उकुगोदुस्वा झालं, म्हणजे शब्दशः तुला 'घरी पोचवलं'. उमेदवारी संपली, आता तू पुरता इग्किरा, म्हणजे तिकडचा वैद्य-देवऋषी. (हा शब्द देवनागरीत लिहिणं ही शुद्ध लबाडी आहे. त्यातला एक आवाज बाटलीचं बूच उघडल्यासारखा, पुढचा घसा खाकरल्यासारखा. सात महिन्यांत मला तो जमला नाही.) अभिनंदन फोनवर केलंच. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुझा विषय काढला की इथे लोक हमखास म्हणतात, "गोरा माणूस आणि तिकडचा देवऋषी? सोंग असणार." तुझं नाव-गाव लिहीत नाही. ती मामांची, म्हणजे तुझ्या गुरुबाईंची, अट आहे.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत 'मामा' म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला तसंच म्हणायचं. 'भुती' म्हणजे भाऊ, 'सिसी' म्हणजे बहीण. 'भुती' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपला कवड्यांच्या माळा घातलेला भुत्या आठवला होता. मग तुझ्या डोक्यावरचे आणि मनगटावरचे पांढरे मणी दिसले, आणि वाटलं, फार काही चुकलं नाही आपलं.

तिथल्या ईस्टर्न केप प्रांतातल्या मखांडा शहरात मी आले ती क्षयाचे उपचार अर्धवट सोडणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायला. शहराचं जुनं नाव ग्रॅहम्सटाउन. 2018 साली ते बदलून 1819 मध्ये त्याच शहरावर चालून गेलेल्या खोसा द्रष्ट्याचं नाव दिलं. एवढं वाचून आले होते. टेकडीवरच्या वस्तीत, मामांच्या दारात, वही उघडून उभी राहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे रोज किती रुग्ण येतात?" अंगणातल्या बायका एकदम गप्प झाल्या.

तू कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून पातेली घासत होतास. चाळिशी उलटलेला, तोंडाला पांढरी माती फासलेला गोरा माणूस. वर न बघता म्हणालास, "वही पिशवीत घाल. खाली बस. आधी तू कुणाची ते सांग."

कुणाची म्हणजे इसिदुको, कुळाचं नाव. एका कुळात लग्न होत नाही, आपल्या सगोत्रासारखंच. मी साताऱ्याकडचं गाव सांगितलं, आजोळ सांगितलं, देवक सांगितलं, कुलदैवत सांगितलं. तू ते खोसा भाषेत सांगत गेलास. जेजुरीच्या डोंगरापर्यंत पोचलो तेव्हा मामा पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "कामागू." मान राखला जावो, शांत व्हावं, असं काहीसं. त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही. पुढे सगळी माहिती मिळाली ती त्या एका दिवसामुळे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला माझाही तुझ्यावर विश्वास नव्हता. आमच्या घरात 'देवऋषी' हा शब्द शिवीसारखा वापरतात. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. तुमच्याकडे 2007 च्या कायद्याने पारंपरिक वैद्यांना मान्यता दिली, त्यात दैव सांगणारेही आले. दोन्ही कायदे मला आपापल्या जागी बरोबर वाटतात. कसे, ते मात्र वडिलांना अजून समजावता आलेलं नाही.

मत बदललं ते तुझ्या बोलण्याने नव्हे. तू बोलायचास फार थोडं. तुझ्या आधी दीक्षा घेतलेली एक एकोणीस वर्षांची पोर होती. ती तुझी वरिष्ठ. पाणी कमी आणलंस म्हणून तिने सगळ्यांसमोर तुला झाडलं आणि तू खाली मान घालून परत नळावर गेलास. वय, कातडी, शिक्षण, कशाचाच हिशेब नाही. आधी कोण आलं एवढंच. ज्या देशात गोऱ्याने काळ्याच्या दारात वाकायचं नाही असा कायदाच असल्यासारखं वागत आले लोक, तिथे हे मी रोज पाहत होते. वस्तीतला एक जण तुला तोंडावर म्हणाला होता, "जमीन घेतलीत, आता पूर्वजही नेता?" तू म्हणालास, "प्रश्न बरोबर आहे," आणि त्याच्या म्हाताऱ्या आईसाठी लाकडं फोडायला गेलास. त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. झालं नव्हतं.

उबुलावूची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मुळं ठेचून पाण्यात टाकायची आणि दुबेळक्याची काठी दोन्ही तळव्यांत धरून गरागरा फिरवायची. फेस वर येईपर्यंत थांबायचं नाही. मग तो फेस खायचा, म्हणजे स्वप्नं स्वच्छ पडतात. त्यातल्या एका मुळाचं नाव उन्द्लेला झिम्लोफे, पांढऱ्या वाटा. मी म्हणाले, "अरे, ही तर आमची रवी! आजी ताक घुसळायची तशी." तू ते मामांना सांगितलंस. त्यांनी पहिलं विचारलं ते, आजी जिवंत आहे का. मग, ती स्वप्नात येते का. येत नाही म्हणाले तर त्यांनी "च्च" केलं, अगदी आपण हळहळताना करतो तसं. तो आवाज तुमच्या भाषेत चक्क एक अक्षर आहे, हे मला तेव्हा कळलं.

आणि तो खोकणारा माणूस. जादूटोणा झालाय म्हणून आला होता. मामा सांगत होत्या, बसलेले टाळ्या वाजवत "सियावूमा", आम्हाला मान्य, म्हणत होते. मध्येच तू मामांच्या कानाशी वाकलास. पुढच्या वाक्यात मामा म्हणाल्या, "तुझ्या कपाटात गोळ्या पडून आहेत, त्या तुझे पूर्वज बघतायत." सगळे म्हणाले, सियावूमा! गोळ्यांचं तुला आदल्या दिवशी त्याच्या बायकोने सांगितलं होतं, हे मला माहीत आहे. लबाडी म्हणायची का? मी पुष्कळ विचार केला. तो माणूस दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर दवाखान्यात गेला आणि त्याने सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला. माझ्या वहीत त्याचं उत्तर एका ओळीचं आहे: "घरच्यांनी सांगितलं." घरच्यांनी म्हणजे कुणी, ते मी लिहिलं नाही.

शेवटच्या विधीला मी नव्हते. बकरं ओरडलं का रे? तुमच्याकडे ते ओरडलं म्हणजे पूर्वजांनी होकार दिला. आमच्याकडे अंगावर पाणी शिंपडून ते शहारण्याची वाट पाहतात. ओरडलंच असणार, नाहीतर तुला घरी पोचवलं नसतं.

पोस्टाने रवी पाठवली आहे, बाजारातली साधी लाकडी. वापरायची की नाही ते मामांना विचारून ठरव. वापरायची म्हणाल्या तर आधी रात्रभर पाण्यात भिजव, नाहीतर तडकेल.

कामागू, भुती.

तुझी सिसी