वादळ धडकण्याआधीच्या वेळा ठळक छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की दोन-तीन दिवसांत सगळ्याच दैनिकांच्या पहिल्या पानावर एक वेळ झळकू लागते : वादळ अमुक ठिकाणी, अमुक वाजता धडकणार. वाहिन्यांवर तर घड्याळच लावलेले असते. अख्खा किनारा जीव मुठीत धरून त्या वेळेची वाट बघत बसतो. आम्ही काही जण रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांत वादळपूर्व तयारीचे प्रशिक्षण देतो. आमचे स्पष्ट मत आहे की तयारीच्या दृष्टीने ही वेळ सगळ्यांत कमी उपयोगाची आहे. ती येईपर्यंत हाताने करायची बहुतेक कामे अशक्य झालेली असतात.

हिशेब साधा आहे. धडकण्याची वेळ म्हणजे वादळाचा मध्य किनारा ओलांडतो ती वेळ. पण जोराचा वारा मध्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत पसरलेला असू शकतो. समजा, ताशी 60 किलोमीटरचा वारा मध्यापासून 120 किलोमीटरवर सुरू होतो आणि वादळ ताशी 15 किलोमीटरने सरकते आहे. मग तो वारा मध्याच्या आठ तास आधी तुमच्या अंगणात पोहोचतो. 'निसर्ग' चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. 'दुपारी एक' एवढेच वाचणारा माणूस सकाळी चहा घेऊन शिडी लावायला निघतो. वरच्या हिशेबाने पहाटे पाचलाच शिडीवर उभे राहणे जिवावरचे झालेले असते, आणि त्याआधी रात्र. अंधारात ओल्या कौलांवर कोण चढणार? म्हणजे दुपारी एकच्या वादळासाठी बाहेरची सगळी कामे आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत संपली पाहिजेत. आदल्या दिवसाचा तो सूर्यास्त तुम्ही मोठ्या टायपात छापावा, ही आमची पहिली विनंती.

यासाठी लागणारी माहिती हवामान विभाग देतोच. 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी पिवळा इशारा, 24 तास आधी नारिंगी, आणि 12 तास आधी लाल, असे चार टप्पे ठरलेले आहेत. शिवाय दर तीन तासांच्या बुलेटिनमध्ये कोणत्या जिल्ह्यात किती वेगाचा वारा कधीपासून सुरू होईल, हे स्वतंत्र दिलेले असते. बातमीत मात्र कमाल वेग आणि नकाशावरचा ठिपका एवढेच उतरते. वेगाबद्दल एक गोष्ट वाचकांना दर वेळी सांगायला हवी : वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेला पत्रा 120 मध्ये टिकेल असे समजू नये. 'निसर्ग'चा वारा 110 ते 120 होता.

ठिपक्याचेही तसेच. मार्गाची रेघ आपल्या गावावरून थोडी सरकली की लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण रेघ कोणत्या बाजूला सरकली ते बघायला हवे. आपल्याकडे चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वादळ पश्चिमेकडून आपल्या किनाऱ्यावर चढते तेव्हा मध्याच्या दक्षिणेकडच्या गावांत वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाणी आत ढकलतो. उत्तरेकडे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळे बहुधा वायव्येकडे सरकतात, तिथे नेमके उलटे, मध्याच्या उत्तरेला पाणी जास्त चढते. त्यामुळे तिकडचे अनुभव वाचून इकडचा अंदाज बांधता येत नाही. 'निसर्ग'ची वाट मुंबई डोळ्यांत तेल घालून बघत होती. ते अलिबागच्या दक्षिणेला चढले, मुंबई बरीचशी बचावली आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वादळ 'मुंबईकडे' येते आहे असे छापले जाते तेव्हा श्रीवर्धनचा माणूस गाफील राहतो. म्हणून नकाशाखाली एक ओळ हवी : मध्य जिथे चढेल त्याच्या दक्षिणेकडच्या गावांनी पाण्याची जास्त काळजी घ्यावी.

पाण्याचा विषय निघाला आहे तर भरतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बातम्यांत सर्वाधिक ढिलाई इथे होते. 'दोन मीटर उंच लाटा' आणि 'दोन मीटर फुगवटा' या वेगळ्या गोष्टी आहेत. लाट येते आणि जाते. फुगवट्यात समुद्राची पातळीच तेवढी वर येऊन काही तास तिथे राहते आणि त्या चढलेल्या पाण्यावर लाटा असतात. 'निसर्ग'साठी मुंबई, ठाणे, रायगडला एक ते दोन मीटर फुगवट्याचा इशारा होता, तोही नेहमीच्या भरतीच्या वर. आता मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते आणि ओहोटीला पाणी एक मीटरच्या आसपास उतरते. दीड मीटरचा फुगवटा ओहोटीला आला तर अडीच मीटर, म्हणजे रोजच्या भरतीहूनही कमी. उधाणाच्या ऐन भरतीला आला तर सहा मीटर, म्हणजे पाणी कोळीवाड्यांत आणि खाडीकाठच्या घरांत. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक फुगवट्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे वादळ किती मोठे याइतकेच ते किती वाजता येते हे महत्त्वाचे. 2020 साली पौर्णिमा 5 जूनला होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. वादळ चढले तेव्हा सकाळची भरती उलटून पाणी उतरणीला लागले होते. चार तास आधी चढले असते तर हानी वेगळीच झाली असती.

भरतीची ढोबळ वेळ कोळीवाड्यात कुणालाही तोंडपाठ असते : तिथीची पाऊणपट. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी. हा नियम मुंबईच्या आसपास चांगला चालतो, तरी वादळाच्या दिवशी तक्त्यातली नेमकी वेळ आणि उंची छापावी. भरती उंच असताना समुद्राकडचे नाले तुंबतात आणि पावसाचे पाणीही बाहेर जात नाही, हे शहरात राहणाऱ्यांनाही लागू आहे.

आता त्या सूर्यास्तापूर्वीच्या कामांकडे. वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो. ही ओढ सर्वांत जास्त कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला असते. म्हणून वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्यालगतची कौले जीआय तारेने रिपेला, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्टीला, बांधावीत. मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला बऱ्याचदा त्यासाठीच भोक असते. पत्र्याच्या घरात कडेच्या पट्ट्यात पत्रा धरून ठेवणारे जे-हूक वाढवावेत आणि गंजलेले बदलावेत. वॉशर नसलेला हूक वाऱ्यात पत्रा फाडून निघतो. पत्र्यावर सुटे चिरे ठेवायची सवय घातक आहे, वाऱ्यात तेच चिरे शेजाऱ्याच्या अंगावर जातात. त्याऐवजी अर्धी भरलेली वाळूची पोती दोन-दोन एका दोरीला बांधून आढ्याच्या दोन्ही अंगांना सोडावीत. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. खालच्या वाशांवर येईल अशी आडवी फळी टाकूनच वर जावे. वादळाच्या तयारीत पत्रा फुटून पडलेल्यांची बातमी होत नाही, पण हे अपघात होतात.

एक खिडकी उघडी ठेवली की दाब समान होतो, हा समज अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी असली की आतला वारा छपराला खालून ढकलतो आणि वरून ओढ असतेच. दोन्ही मिळून छप्पर जाते. सगळे दार-खिडक्या बंद, आतल्या खोल्यांची दारेही बंद. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काच वाचत नाही, फुटल्यावर तुकडे मात्र मोठे पडतात. बाहेरून प्लायवूड ठोकता आले तर उत्तम, नाहीतर जाड पडदा ओढून काचेपासून लांब, मधल्या पॅसेजमध्ये बसावे.

गच्चीवरची पाण्याची टाकी वीज असेपर्यंत काठोकाठ भरून घ्यावी. हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची असते, ती हलत नाही. रिकामी टाकी दोन माणसे सहज उचलतात, वारा तर कुठेही नेतो. वीज गेल्यावर हेच पाणी वापरायला मिळते. 'निसर्ग'नंतर अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. विहिरीत पाणी होते, पण पंप चालत नव्हते. पोहरा आणि दोर घरात हवाच. पिण्याचे पाणी माणशी रोज चार लिटर धरून निदान तीन दिवसांचे झाकून ठेवावे. औषधे पंधरा दिवसांची, रोख पैसे सुट्या नोटांत, कारण टॉवर बंद पडले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

होड्यांबद्दल थोडक्यात. मासेमारी बंदी 1 जूनला सुरू होते, त्यामुळे जूनमधल्या वादळात बऱ्याच नौका किनाऱ्यावर ओढलेल्या किंवा ओढायच्या असतात. मे महिन्यातले वादळ, जसे 2021चे 'तौक्ते', त्यांना पाण्यात गाठते. खाडीत नौका एकमेकींना खेटून बांधल्या की एकीचा दोर तुटल्यावर ती बाकीच्यांना फोडते. अंतर ठेवून, दोन बाजूंना दोर, मध्ये टायर, आणि पाणी दोन मीटर चढेल हे धरून दोराला ढील. ताणून बांधलेला दोर पाणी चढले की नौकेलाच खाली खेचतो. नौका बांधून झाली की माणसाने तिच्यावर थांबू नये.

मध्य तुमच्या गावावरूनच गेला तर वारा अचानक पडतो, कधी ऊनही दिसते. ही शांतता काही मिनिटांची असते, फार तर तासाभराची. लोक गच्चीवर पत्रे बघायला जातात आणि उलट्या दिशेचा वारा एकदम पूर्ण जोराने येतो. पहिल्या वाऱ्याने मुळे ढिली झालेली झाडे या दुसऱ्या वाऱ्यात पडतात. वारा पडला तरी आकाशवाणीवर 'वादळ पुढे गेले' असे ऐकल्याशिवाय दार उघडू नये, हे वाक्य त्या दिवशीच्या अंकात असलेच पाहिजे.

वादळ गेल्यावर तुटलेली प्रत्येक तार जिवंत समजावी. जनरेटर लावणाऱ्याने आधी घरचा मेन स्विच बंद करावा, नाहीतर वीज उलट लाइनवर जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव जातो. विहिरीत खारे पाणी शिरले नसेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम या हिशेबाने चांगली ब्लीचिंग पावडर बादलीतल्या पाण्यात कालवावी, गाळ बसू द्यावा, वरचे निवळ विहिरीत ओतावे आणि तासाभरानंतर पाणी वापरावे. खारे पाणी शिरले असेल तर आधी उपसा.

तर संपादक महोदय, इशाऱ्याच्या दिवसांत पहिल्या पानावर एक चौकट द्यावी. तिच्यात तालुकावार चार गोष्टी : बाहेरची कामे कधीपर्यंत संपवायची, ताशी 60 किलोमीटरचा वारा कधी सुरू होणार, त्या दिवशीच्या भरतीची वेळ आणि उंची, आणि स्थलांतरासाठी उघडलेल्या शाळांची नावे. चौकटीखाली बुलेटिन किती वाजताचे ते लिहावे. तुमचा अंक रात्री छापला जातो, वाचकाच्या हातात सकाळी सातला पडतो, आणि तेवढ्यात दोन-तीन नवी बुलेटिन निघालेली असतात. वेळ छापलेली असली की वाचकाला कळते की माहिती जुनी झाली आहे आणि रेडिओ लावायला हवा.

आपले नम्र,
वादळपूर्व तयारीचे प्रशिक्षण देणारे काही वाचक,
जि. रायगड