मृत्युपत्राबद्दल, फोनवर राहिलेलं सगळं

प्रिय आई-बाबा,
नमस्कार.

रविवारी फोनवर मी मृत्युपत्राचं नाव काढलं आणि बाबा तुम्ही "मी अजून ठणठणीत आहे" म्हणून फोन सरळ आईकडे दिलात, आणि आई तू म्हणालीस असलं अभद्र बोलू नकोस. म्हणून लिहितेय, पत्र तरी पूर्ण वाचाल. आणि ठणठणीत आहात म्हणूनच तर मागे लागलेय ना! हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या केलेल्या सहीवरच नंतर लोक बोट ठेवतात, शुद्धीत होते का, कोणी सही करून घेतली का वगैरे.

बाबा, तुम्ही धरून चाललाय की तुमच्या मागे घर आपोआप आईचं होणार. तसं होत नाही हो. घर तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, दादा, मी आणि आजी असे चौघं सारखे वारस. हो, आजीसुद्धा, कारण मुलाच्या मागे त्याची आई पहिल्या वर्गाच्या वारसांत येते. आता पुढचं बघा. आजीच्या नावावर आलेला तो चौथा हिस्सा तिच्यानंतर तिच्या मुलांकडे जाणार, म्हणजे काका, आत्या, आणि तुमच्या जागी मी आणि दादा. म्हणजे आईला उद्या हे घर विकून लहान फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर काका आणि आत्याच्याही सह्या लागणार. काका-आत्या चांगलेच आहेत, माझा त्यांच्यावर काडीचा संशय नाही, पण त्यांच्यानंतर त्यांची मुलं, मग सुना-जावई, आणि आईने या वयात कोणाकोणाच्या दारात कागद घेऊन जायचं? मला रात्री झोप लागत नाही ती या एका गोष्टीने. तुमच्या हाताने एक ओळ लिहिलीत की घर आईचं, तर हे सगळं टळतं.

"सगळीकडे नॉमिनी आईच आहे" हे तुम्ही नेहमी सांगता. नॉमिनी असला की बँक पैसे पटकन त्याच्या हातात देते हे खरं, पण बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो ते वारसांच्या वतीने सांभाळतो. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा नॉमिनी ठेवाच, पण शिवाय मृत्युपत्रही हवं. आणि दादाकडे तुमची पॉवर ऑफ ॲटर्नी आहे ना, ती माणूस गेला त्या क्षणी संपते, नंतर त्याने त्यावर बँकेत सही केली तर ती चालणार नाही.

करायला काही मोठं नाहीये. साधा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही, हाताने लिहा नाहीतर टाईप करा. तुम्ही सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. साक्षीदार म्हणून मला, दादाला किंवा वहिनीला घेऊ नका, ज्यांना काही मिळणार ते लांबच राहिलेले बरे. तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि गरज पडली तर कोर्टात येऊन सांगेल असा माणूस बघा. आपले डॉक्टर तयार झाले तर फारच छान, त्याच दिवशीचं त्यांचं एक सर्टिफिकेटही घ्या की प्रकृती आणि मन दोन्ही ठीक आहे. प्रत्येक पानावर सही. रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून टाका, तिथे नोंद राहते. रजिस्टर केलं म्हणजे हात बांधले जात नाहीत, मत बदललं तर नवीन करता येतं आणि शेवटचं असेल तेच धरतात.

दोन वाक्यं मात्र विसरू नका. एक, ज्याचा उल्लेख राहिला किंवा जे पुढे मिळेल ते सगळं कोणाला. दुसरं, ज्याला दिलंय तो आधी गेला तर मग कोणाला. लोक हीच विसरतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. शेताचं थोडं वेगळं आहे, ते वडिलोपार्जित, त्यात २००५ पासून मुलींचाही जन्मापासून हक्क धरतात, त्यामुळे तुम्हाला फक्त तुमच्या हिश्श्याचंच लिहिता येईल, तेवढं वकिलाला सातबारा दाखवून विचारा.

आई, तुझं वेगळं कर हं, दोघांचं मिळून एकच नको. तुझे दागिने, तुझ्या एफडी, ते तुझं आहे आणि कोणाला द्यायचं ते तूच ठरवायचं, बाबांनी नाही आणि मीही नाही.

आणि एक मनापासून सांगते. दादा-वहिनी रोज तुमच्याजवळ आहेत, दवाखाना, औषधं, रात्रीची उठबस सगळं तेच करतात. पुढे घर त्यांना द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या, मला वाईट वाटणार नाही. फक्त कारण तुमच्या शब्दांत लिहा, म्हणजे उद्या कोणी दादाला बोल लावणार नाही. मृत्युपत्र न करता सोडलंत तर मला इथे जर्मनीत भारतीय वकिलातीत जाऊन कागद करून पाठवावे लागतील आणि मग माझा हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र, त्यात दादाचेच हाल.

मी माझं केलंय. इथे जर्मनीत पूर्ण स्वतःच्या हाताने लिहून सही केलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालतं, नुसतं टाईप करून सही केलेलं चालत नाही. तिकडच्या खात्यासाठी मी दोन साक्षीदारांचं वेगळं केलंय आणि दोन्हींत स्पष्ट लिहिलंय की हे फक्त त्या त्या देशातल्या मालमत्तेपुरतं, नाहीतर नंतरचं आधीच्याला रद्द करून बसायचं. मुलांना कोण सांभाळेल हेही त्यात आहे, लिहिताना खूप रडले, पण लिहिलं.

आता जे फोनवर मला बोलताच आलं नसतं ते. व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं, की ठेवायचंच नाही, हे तुम्ही स्वतः आधी लिहून ठेवू शकता. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली, आणि २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. हे ओझं दादाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका, कारण काहीही ठरवलं तरी त्याला आयुष्यभर टोचत राहील. बाबा, तुम्हाला नेत्रदान करायचंय ना, ते मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, मृत्युपत्र उघडतात सगळं झाल्यावर आणि डोळे साधारण सहा तासांत काढावे लागतात. दादाला आणि वहिनीला तोंडाने सांगा आणि नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर लावा. मी तेव्हा अजून विमानात असेन. माझ्यासाठी नेत्रदान थांबवायचं नाही, आणि अंत्यसंस्कारही नाही. मला शेवटचं बघायला मिळालं नाही तर मी सोसेन, पण माझी वाट बघण्यात तुमची इच्छा राहून गेली तर ते मला सोसणार नाही.

या आठवड्यात फक्त यादी करा बाबा. खाती, एफडी, लॉकरची चावी कुठे, विमा, डीमॅट, कोणाचं देणं-घेणं. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, वेगळ्या वहीत ठेवा आणि वही कुठे आहे ते दादाला सांगा. डिसेंबरमध्ये मी येईपर्यंत थांबू नका, तसंही मला साक्षीदार व्हायचं नाहीये. आजीला यातलं किती सांगायचं ते आई तूच ठरव, तुला तिचा स्वभाव माझ्यापेक्षा जास्त कळतो.

तुमची लाडकी,
छोटी