अप्पा, त्या इंजेक्शनला होकार देऊ नका

ती. आई-अप्पांना साष्टांग नमस्कार,

अप्पा, काल फोनवर तुम्ही म्हणूलाले की लातूरला कुणीतरी स्टेमसेलचं, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींचं, इंजेक्शन देतो, दीड लाखात तुमचं नडगीचं न जुळलेलं हाड जुळवून देतो म्हणे. आधीच सांगते, त्याच्यासाठी सोयाबीन विकायचं नाही. आयसीएमआर म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधनाची संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांत स्टेमसेल फक्त रक्ताच्या ठराविक आजारांनाच पक्का इलाज धरलाय, बाकी सगळं अजून ट्रायल, म्हणजे चाचणीच, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे मागत नसतात.

पण डॉक्टर जे ऑपरेशन म्हणतेत ना, त्याला काहून भिताव? तेही तुमच्याच पेशींचं काम आहे, फक्त जुनं आणि पारखलेलं. करगोटा बसतो तिथलं कमरेचं हाड असतं, त्यातला आतला मऊ दाणेदार भाग थोडासा खरवडून काढतात आणि नडगीच्या न जुळलेल्या फटीत भरतात, त्यात जिवंत पेशी असतात, हाड घडवणाऱ्या, त्या दुधात विरजण लावल्यासारखं तिथं काम सुरू करतात. माल आपलाच, म्हणून शरीर परका म्हणून नाकारत नाही. कमर मात्र काही दिवस पायापेक्षाही जास्त दुखू शकते, ते आत्ताच सांगून ठेवते.

लॅबमध्ये पेशी वाढवून परत घालतात तेही खोटं नाही बरं का, गुडघ्याच्या कूर्चेसाठी, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकावर जो गुळगुळीत थर असतो त्याच्यासाठी, स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ लाच तसं करून छापलंय. पण त्यात आधी आपला तुकडा काढून आठवडे-आठवडे पेशी वाढवाव्या लागतात, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी असं नसतंय ते.

आई, अप्पांची पोटरी वाळली म्हणून रडू नको. स्नायूच्या धाग्यांना चिकटून राखीव पेशी झोपलेल्या असतात, १९६१ मध्ये त्या पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली दिसल्या, इजा झाली की जाग्या होऊन दुरुस्तीला लागतात. वय झालं की मंदावतात, संपत नाहीत. फिजिओवाल्यानं सांगितलेला व्यायाम रोज करून घे त्यांच्याकडून, ओरडले तरी.

आणि अप्पा, तंबाखू. निकोटिननं रक्तपुरवठा आखडतो, हाड जुळायला उशीर लागतो. डॉक्टर तुम्हाला लाजून बोलले नसतील, मी बोलते, ती पुडी बंद.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येते. सगळे एक्सरे तारखेप्रमाणे लावून ठेवा, गादीखाली नको, आणि तो इंजेक्शनवाला परत आला तर माझा नंबर द्या.

तुमची,
छाया